अनवाणी धावताना भार कुठे जातो?

छंद म्हणून अनवाणी धावणे आणि ‘मिनिमलिस्ट’ बूट घालून धावणे या दोन गोष्टी बोलण्यात एका दमात उच्चारल्या जातात, आणि या विषयातील बऱ्याच गैरसमजांचे मूळ तिथेच आहे. मिनिमलिस्ट बूट म्हणजे ज्याचा तळ पातळ व सहज वाकणारा असतो, ज्यात टाच आणि चवडा जवळजवळ एकाच पातळीवर राहतात, जो वजनाला हलका असतो आणि ज्यात पाऊल सरळ पडावे म्हणून घातलेले कडक आधार नसतात असा बूट. 2015 मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांच्या मतैक्यातून ठरलेली व्याख्या याच गुणांवर उभी आहे. असा बूट कितीही पातळ असला तरी बूटच असतो. उघड्या तळव्याला खडीचा एक कण टोचला की पाऊल आपोआप हलके पडते, ढांग आखूड होते आणि वेग उतरतो. मध्ये रबराचा पातळसा थर जरी आला तरी तो इशारा बोथट होतो, आणि वर्षानुवर्षे जाड गादीच्या बुटांत टाच आपटत धावलेला माणूस जुन्याच सवयीने धावत राहतो, फरक इतकाच की आता खाली गादी नसते.

अनवाणी धावपटू म्हणजे बूट न परवडणारा धावपटू, हा समज अबेबे बिकिला यांच्या नावाभोवती विशेष घट्ट बसलेला आहे. इथिओपियाच्या शाही रक्षक दलातील या सैनिकाने 10 सप्टेंबर 1960 रोजी रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटे 16 सेकंदांत अनवाणी जिंकली, ती तोवरची जगातील सर्वोत्तम वेळ ठरली, आणि गरीब देशातल्या गरीब माणसाची कथा जगभर पसरली. वास्तविक बूट मिळत होते, पण ते पायाला नीट बसेनात, आणि अनवाणी धावण्याचा सराव आधीपासून असल्यामुळे ते न घालण्याचा निर्णय झाला. चार वर्षांनी टोकियोत बिकिला यांनी बूट घालून 2 तास 12 मिनिटे 11 सेकंदांत पुन्हा सुवर्णपदक जिंकले, हा उत्तरार्ध अनवाणी धावण्याचे कैवारी सहसा सांगत नाहीत. अनवाणी धावपटूला अधिकृत शर्यतीत उतरता येत नाही, ही समजूतही चुकीची आहे. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नियमांनुसार स्पर्धकाला अनवाणी, दोन्ही पायांत किंवा चक्क एकाच पायात बूट घालून धावण्याची मुभा आहे.

महाराष्ट्रात मात्र अनवाणी पायांचा गरिबीशी जोडलेला संबंध निव्वळ गैरसमज म्हणून झटकता येत नाही. बारामतीच्या शर्यतीत नऊवारीत अनवाणी धावलेल्या, साठी ओलांडलेल्या लता करे पतीच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून धावल्या होत्या, आणि पुढे त्यांच्यावर निघालेल्या मराठी चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. अभिनेते मिलिंद सोमण यांच्यासारखा धावपटू ज्या अर्थाने, म्हणजे स्वेच्छेने, अनवाणी धावतो, तो अर्थ इथे लागू पडत नाही. बूट बाजूला ठेवणे आणि बूट नसणे यांतला फरक नजरेआड करून दोन्हींचे सारखेच कौतुक करणे हाही एक गैरसमजच म्हणावा लागेल.

या छंदाला अलीकडच्या काळात जी लाट लाभली, तिच्यामागे क्रिस्टोफर मॅकडूगल यांचे 2009 मधील ‘बॉर्न टु रन’ हे पुस्तक आणि हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लीबरमन यांच्या गटाचा जानेवारी 2010 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला शोधनिबंध ही दोन प्रकाशने होती, आणि दोन्हींच्या मूळ मजकुरापेक्षा त्यांची ऐकीव आवृत्तीच अधिक पसरली. पुस्तकातील मेक्सिकोचे रारामुरी लोक डोंगरदऱ्यांतून प्रचंड अंतरे धावतात हे खरे, परंतु ते अनवाणी धावतात ही समजूत खरी नाही. त्यांच्या पायात ‘हुआराचे’ नावाच्या वहाणा असतात आणि त्यांचा तळ पुष्कळदा जुन्या टायरमधून कापलेला असतो. महाराष्ट्राच्या खेड्यांत टायरच्या चपला वापरलेल्या पिढीला त्यांत फारसे नवल वाटणार नाही. शोधनिबंधाने दाखवले ते असे की, लहानपणापासून अनवाणी धावत आलेले लोक पुष्कळदा टाचेऐवजी चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे पाऊल टेकताक्षणी बसणारा हिसका कमी होतो, तर बुटांत वाढलेले बहुसंख्य लोक टाचेवर उतरतात. अशा उतरण्याने दुखापती कमी होतात, असे त्या अभ्यासाने सिद्ध केलेले नव्हते, कारण त्यात दुखापती मोजलेल्याच नव्हत्या.

‘अनवाणी माणूस निसर्गतःच चवड्यावर धावतो’ हे सरसकट विधानही टिकले नाही. उत्तर केनियातील दासनच जमातीचे 38 प्रौढ आयुष्यभर अनवाणी वावरलेले होते, तरी 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, लांब अंतरासाठी स्वतःला सोसेल अशा वेगाने धावताना त्यांची सुमारे 72 टक्के पावले टाचेवरच पडली, आणि वेग वाढला तसे हे प्रमाण उतरले. पाऊल कसे पडते हे केवळ बुटावर ठरत नाही. वेग, जमिनीचा कठीणपणा आणि सवय यांचाही त्यात वाटा असतो.

या साऱ्या वादाचा गाभा दुखापतींचा आहे, आणि तिथे दोन्ही पक्षांनी सोयीपुरतेच सत्य उचललेले दिसते. अमेरिकेत 107 अनवाणी आणि 94 बूटधारी धावपटूंच्या वर्षभराच्या नोंदींची तुलना 2016 मध्ये प्रसिद्ध झाली; तीत अनवाणी गटात दर माणशी दुखापती कमी भरल्या, पण तो गट धावलाही कमी होता, आणि धावलेल्या अंतराच्या हिशेबाने पाहता दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही. फरक उरला तो दुखऱ्या जागांत. बूटधाऱ्यांचे गुडघे, खुबे आणि तळव्याचा ताणपट्टा, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा चिवट पडदा, अधिक दुखावले, तर अनवाणी धावणाऱ्यांच्या पोटऱ्या अधिक दुखावल्या. याचे कारण यांत्रिक आहे: चवड्यावर उतरताना टाच खाली येण्याआधी शरीराचा भार पोटरीचे स्नायू आणि त्यांना टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड कंडरा यांना झेलावा लागतो, त्यामुळे गुडघ्यावरचे ओझे हलके होते आणि घोट्यावरचे वाढते. भार नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते. ज्याचा गुडघा कुरकुरतो त्याला हा बदल मानवू शकतो आणि ज्याची टाचेमागची कंडरा आधीच सुजलेली आहे त्याला तोच महागात पडतो.

बूट हलका म्हणजे ऊर्जा कमी, हे गणितही अर्धेच खरे आहे. दर पायामागे 100 ग्रॅम वजन वाढले की धावण्यासाठी लागणारा प्राणवायू साधारण एक टक्क्याने वाढतो. परंतु 2012 च्या एका प्रयोगात अनवाणी पायांना वजने बांधून दोन्ही बाजूंचे वजन सारखे केले, तेव्हा हलक्या गादीचा बूट घालून धावणेच तीन-चार टक्क्यांनी स्वस्त पडले. गादीने झेललेला हिसका अनवाणी धावणाऱ्याच्या स्नायूंना झेलावा लागतो, आणि त्याची किंमत मोजावी लागते.

बुटांमुळे पाय सपाट होतात, या म्हणण्याला कर्नाटकातील एका पाहणीचा आधार दिला जातो आणि तो खरा आहे: 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत 2,300 मुलांची पावले तपासली असता पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पावलांचे प्रमाण 8.6 टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत 2.8 टक्के आढळले. मात्र ती वाढत्या वयातील मुले होती. चाळिशीतल्या माणसाने बूट काढल्याने त्याची कमान उभी राहते, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

उरला प्रश्न कातडीचा, आणि नवशिक्याला सर्वाधिक धास्ती याचीच असते. सतत अनवाणी चालण्याने तळव्यावर येणारे घट्टे संवेदना मारतात असे मानले जाते; केनियातील लोकांवरच्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जाड घट्ट्यांमुळे तळव्याची स्पर्शजाणीव कमी झालेली आढळली नाही. हिरवळ सर्वांत सुरक्षित, ही समजूतही इकडच्या मैदानांत फसवी ठरते, कारण डांबरावरची काच दिसते आणि गवतातला सराटा दिसत नाही. उलट एप्रिलच्या दुपारी तेच डांबर तळव्याला फोड आणते. धनुर्वात गंजलेल्या खिळ्यामुळे होतो असे म्हणतात, पण त्याचे जंतू गंजात नव्हे तर मातीत, सुप्त बीजाणूंच्या रूपात असतात, म्हणून खिळा चकचकीत असला तरी लस घेतलेली असावी लागते. अंकुशकृमीच्या अळ्या मानवी विष्ठेने दूषित झालेल्या ओल्या मातीतून थेट कातडी भेदून शिरतात, त्यामुळे जिथे उघड्यावर शौचाला बसतात तिथली माती टाळणेच बरे. मधुमेहामुळे पायांची जाणीव मंदावलेल्या व्यक्तींनी मात्र अनवाणी धावू नये, कारण या छंदाची सारी सुरक्षितता ज्या जाणिवेवर उभी आहे तीच त्यांच्यापाशी भरवशाची नसते.

निरोगी माणसाच्या बाबतीत ही जाणीव लगामाचे काम करते: पहिल्या आठवड्यात अर्धा किलोमीटर झाला की तळवा आपणहून नको म्हणतो, आणि मधल्या काळात हाडांना नव्या भाराशी जुळवून घेण्यास अवधी मिळतो. हा लगाम सुटला तर काय होते, हे 2013 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. सरावलेल्या 36 धावपटूंपैकी 19 जणांना दहा आठवड्यांत व्हायब्रम कंपनीच्या पाचबोटी मिनिमलिस्ट बुटांची सवय करायला सांगितले होते. अखेरीस त्यांच्यापैकी दहा जणांच्या पावलांच्या हाडांत भाराने येणारी सूज वाढल्याचे एमआरआय तपासणीत आढळले, तर नेहमीच्या बुटांत धावणाऱ्या 17 जणांत असा एकच निघाला. पुढच्याच वर्षी या बुटांच्या उत्पादकाने, पाय बळकट होतात व दुखापती टळतात अशा जाहिरातींवरून अमेरिकेत चाललेला सामूहिक दावा, चूक मान्य न करता, 37.5 लाख डॉलर देऊन मिटवला. हा अभ्यास आजही अनवाणी धावण्याच्या धोक्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो, पण त्यातले ते 19 जण अनवाणी नव्हते.