मेंढीला एकच कोकरू का होतं?

दहावीला पुनरुत्पादनाचा पाठ म्हटलं की मुलं माना खाली घालतात, नाहीतर हसतात. यंदा फळ्यावर अंडाशय काढत होतो, तेवढ्यात धनगराच्या घरचा एक मुलगा म्हणाला, "सर, शेळीला दोन-दोन करडं होतात, मग आमच्या मेंढीला एकच कोकरू का?" प्रश्न घरच्या कमाईचा होता. मग पाठ मेंढीवरूनच शिकवला.

हंगामात मेंढी साधारण दर 17 दिवसांनी माजावर येते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी पुटिका ग्रंथी संप्रेरक सोडते आणि अंडाशयात अनेक पुटिका वाढू लागतात. वाढत्या पुटिका इस्ट्रोजेन आणि इनहिबिन बनवतात. ती दोन्ही पीयूषिकेला जणू सांगतात, 'आता पुरे!' पहिलं संप्रेरक कमी झालं की लहान पुटिका सुकतात. सगळ्यात मोठी पुटिका मात्र पितपिंडकारी संप्रेरकावर तग धरते. इस्ट्रोजेन पुरेसं वाढलं की याच संप्रेरकाची लाट येते, पुटिका फुटते आणि अंड बाहेर पडतं. फुटलेल्या पुटिकेचं पीतपिंड होतं. ते प्रोजेस्टेरॉन बनवतं आणि गर्भ टिकवतं. गर्भ राहिला नाही, तर पीतपिंड विरतं आणि चक्र पुन्हा सुरू.

म्हणजे एक पुटिका, एक अंड, एक कोकरू. आपल्या दख्खनी मेंढीचं बहुतेक वेळा असंच असतं.

पण बंगालमधल्या सुंदरबनच्या गॅरोल मेंढीला जुळी होतात. तिच्यात फेक-बी नावाचा जनुकीय बदल आहे. त्यामुळे पुटिका लहान असतानाच पक्व होतात. एका मोठ्या पुटिकेइतकं इस्ट्रोजेन तीन-चार लहान पुटिका मिळून बनवतात आणि एकापेक्षा जास्त अंडी सुटतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गॅरोलचा हा गुण दख्खनी मेंढीत आणला. तीच 'नारी सुवर्णा'.

मुलगा क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "पण सर, दोघांना दूध पुरेल का?"

खरा प्रश्न हाच! जनुक जुळी देतो, दूध देत नाही. गाभण आणि व्यालेल्या मेंढीला जादा खुराक लागतो. रानोमाळ फिरणाऱ्या कळपाला तो मिळाला नाही, तर अशक्त कोकरू दगावतं. जनुकाच्या दोन प्रती असल्या तर तिळीही होतात, ती जगवणं आणखी अवघड. म्हणून मेंढपाळाला एकच प्रत सोयीची.

त्या तासाला कोणी हसलं नाही. पालकांनो, घरी मुलाने असं काही विचारलं तर विषय टाळू नका. गोठ्यापासून सुरुवात करा.