तिरक्या रेघेचा कारभार

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला ‘वाशिम जिल्हा’ लिनक्सच्या शेलला एकसंध दिसत नाही. या नावाचा फोल्डर करायला सांगा, तो दोन करतो: एक वाशिम, एक जिल्हा. शेल म्हणजे आपण टाइप केलेली ओळ वाचून कामाला लावणारा प्रोग्रॅम. मोकळी जागा दिसली की तो तिथे शब्द तोडतो. जागेआधी बॅकस्लॅश दिला, की ती नावाचाच भाग ठरते आणि बॅकस्लॅश स्वतः गळून पडतो.

गोंधळ होतो अवतरणांत. दुहेरी अवतरणात बॅकस्लॅश मोजक्याच चिन्हांना आवरतो. एकेरीत तर शेल त्याला विचारतच नाही, जसाच्या तसा पुढे धाडतो. अवतरणाबाहेर बॅकस्लॅश-एन लिहिले तर नवी ओळ नाहीच, नुसता एन उरतो. नवी ओळ पाडतो मजकूर छापणारा प्रिंटएफ हा हुकूम, तीही बॅकस्लॅश त्याच्यापर्यंत शाबूत पोचला तर. त्याच कामाचा एको हुकूम बेभरवशी: बॅश या शेलमध्ये एक वागणूक, डॅश या शेलमध्ये दुसरी. स्क्रिप्टमध्ये त्याच्या नादी लागू नये.

नवी ओळ हे एक नियंत्रक चिन्ह. अशी चिन्हे उमटत नाहीत, हुकूम सोडतात: घंटा वाजव, ओळ बदल. १९८३च्या व्हीटी-२२० टर्मिनलात १२८ ते १५९ यांतल्या काही बाइटांनाही असे हुकूम नेमलेले होते. अक्षरे बाइटांत मांडणाऱ्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, आणि ‘जिल्हा’मधला ल मोडणाऱ्या हलंताचा शेवटचा बाइट १४१. त्याचा जुना अर्थ, कर्सर एक ओळ वर ने! युटीएफ-८ न कळणाऱ्या अशा पडद्यावर ‘जिल्हा’मधल्या ‘हा’चे बाइट वरच्या ओळीत चढतात.

अक्षराच्या पोटात बॅकस्लॅशचा बाइट लपण्याचा धोका मात्र मराठीला नाही. १९७१मध्ये युनिक्सचा पहिला शेल लिहिणाऱ्या केन थॉम्प्सननेच १९९२मध्ये रॉब पाइकसह युटीएफ-८ आखले, आणि बॅकस्लॅशसह १२८खालचा कोणताही बाइट दुसऱ्या कुठल्याही अक्षराच्या पोटात येणार नाही अशी सोय केली. जपानच्या जुन्या शिफ्ट-जिस पद्धतीत काही कांजींचा दुसरा बाइट नेमका बॅकस्लॅशचाच निघे.

भाषा न नेमलेल्या सर्व्हरवर फोल्डरांची यादी देणारा एलएस हुकूम ‘व’ऐवजी \३४०\२४४\२६५ दाखवतो, तेव्हा नाव बिघडले म्हणून लोक घाबरतात. बिघडलेले काही नसते. पडद्याला भलता हुकूम जाऊ नये म्हणून एलएस २०१६पासून असे बाइट अष्टमान आकड्यांत मांडतो. त्यांच्याभोवती डॉलर आणि एकेरी अवतरणही घालतो. तेवढे उचलून बॅशमध्ये सीडी या हुकुमापुढे चिकटवले की तोच फोल्डर उघडतो.