दुव्याची जागा आणि दुव्याचे मोल

एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा देणे म्हणजे त्याच्या बाजूने साक्ष देणे, असे इंटरनेटवरील शोधयंत्र मानते. १९९८ साली लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी मांडलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीत पानावरील सर्व दुव्यांना समान वाटा मिळे. २०१० साली गूगलला मिळालेल्या एका पेटंटात मात्र निराळा विचार आहे: ज्या दुव्यावर वाचकाने बोट ठेवण्याचा संभव अधिक, त्याचे वजन अधिक. म्हणजे मजकुराच्या ओघात ठळकपणे आलेला दुवा, पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दडवलेल्या दुव्याहून भारी ठरू शकतो. हे रास्तच होय. कारण शोधात जे वर दिसते, तेच पुष्कळांना खरे वाटते. म्हणून ज्याचा आधार आपण खरोखर घेतला, त्याचा दुवा तेथेच, मजकुरात द्यावा.