बाबूजींच्या मेजावरचा संगणक

पूर्णा हे दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागातील जंक्शन. मनमाड-सिकंदराबाद मार्गातून अकोल्याकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. गावातील व्यापारी घरांची अनेक मुले याच फलाटावरून शिक्षणासाठी बाहेर पडली आणि पुण्यात, हैदराबादेत किंवा त्याहूनही दूर स्थिरावली. मागे राहिले ते आडतीचे, कापडाचे वा किराण्याचे दुकान आणि ते चालविणारे आईवडील. पर्युषणात किंवा दिवाळीला मुलगा घरी आला की एक विषय हमखास निघतो : बाबूजींसाठी संगणक घ्यायचा. चर्चा मात्र होते ती यंत्राची. कंपनी कोणती, प्रोसेसर कोणता, सवलत कुठे अधिक, हे सारे बोलून होते. ज्यांच्यासाठी घ्यायचा, ते बाबूजी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असतात.

‘त्यांना आता कुठे जमणार?’ हे वाक्य या चर्चेत कोणीतरी उच्चारतेच. ते फारसे न्याय्य नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत पूर्णा हैदराबाद संस्थानात होते. आज पंचाहत्तरी ओलांडलेल्या व्यापाऱ्यांच्या वडिलांच्या काळी हाली आणि कलदार असे दोन रुपये व्यवहारात होते. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब व्यापाऱ्याला तोंडी करावा लागे. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, आणे-पै गेले. पाठोपाठ शेर आणि मण जाऊन किलो व क्विंटल आले. पावकी-निमकी पाठ असलेल्या पेढ्यांनी दशमान पद्धती आत्मसात केली. पुढे विक्रीकर होता, तो जाऊन १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी. ज्या पिढीने हे सारे पचविले, तिला माऊस चालविणे अशक्य आहे असे मानण्याचे कारण नाही.

मग अडते कुठे? वहीत चुकीची नोंद झाली तर ती डोळ्यांना दिसते. तिच्यावर एक रेघ मारता येते किंवा उलट नोंद करून ती दुरुस्त करता येते, आणि चूक कशी झाली होती तेही कागदावर राहते. संगणकावर चुकून कुठेतरी बोट पडले तर काय झाले, काही झाले की नाही, हेच उमजत नाही. त्यात दर काही महिन्यांनी पडद्यावरील चित्रे जागा बदलतात. आयुष्यभर काटेकोर हिशेब ठेवलेल्या माणसाला ही अनिश्चितता असह्य होते आणि तो यंत्रापासून दूर राहतो. मुले त्याला भीती समजतात. वस्तुतः ती शिस्त असते. म्हणून बाबूजींसाठी संगणक निवडताना त्याचा वेग दुय्यम मानावा. तो जसा आज आहे तसाच उद्या राहील का, आणि अडला तर गावात कोण चालू करून देईल, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

या दृष्टीने मेजावर कायम राहणारा संगणक हा लॅपटॉपपेक्षा व मोबाइलपेक्षा सरस ठरतो. दुकानात गादीची, तिजोरीची, वजनकाट्याची जागा ठरलेली असते. संगणकालाही तशी जागा मिळाली की तो दुकानाचा भाग होतो. चोवीस इंची पडदा चष्मा वर-खाली न करता वाचता येतो. कळफलकाच्या उजव्या बाजूला आकड्यांचा स्वतंत्र संच असतो आणि त्याची मांडणी हिशेबाच्या कॅल्क्युलेटरसारखीच असते. लॅपटॉप घेणारे नेमकी हीच सोय गमावतात, कारण अनेक लहान लॅपटॉपवर तो संच नसतो. कळफलक आणि माऊस तारेचेच घ्यावेत. बिनतारी माऊसची बॅटरी संपली की संगणक बिघडला असा समज होतो आणि पुण्याला फोन जातो.

शोभेसाठी अनेकजण पडदा आणि यंत्र एकत्र असलेला संगणक पसंत करतात. दिसायला तो देखणा असतो खरा. परंतु त्याचा पडदा गेला तर संपूर्ण यंत्र उचलून नांदेडला न्यावे लागते. साध्या खोक्याच्या संगणकात पडदा, कळफलक, वीजपुरवठ्याचा भाग हे सारे वेगवेगळे असते. जो भाग बिघडला तोच बदलता येतो आणि गावातील कारागीरही ते करू शकतो. पुस्तकाएवढा छोटा संगणक हा तिसरा पर्याय. तो वीज फार कमी घेतो, त्यामुळे इन्व्हर्टरवर अधिक वेळ चालतो. मात्र त्याचे सुटे भाग लहान गावात सहज मिळत नाहीत. खरेदीपूर्वी गावातील दुरुस्ती करणाऱ्याला एकदा विचारून घ्यावे. ऑनलाइन खरेदीत वाचलेले हजार-दोन हजार रुपये पहिल्याच बिघाडात खर्ची पडतात.

आतल्या सामग्रीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पत्रव्यवहार, बँक, जीएसटीची विवरणपत्रे, टॅली आणि प्रवचनांच्या चित्रफिती एवढ्या कामांना कोणताही नवा साधा प्रोसेसर पुरतो. ८ जीबी रॅम असावी आणि फिरत्या हार्ड डिस्कऐवजी २५६ जीबीची एसएसडी असावी. या एका बाबतीत काटकसर करू नये. जुनी डिस्क असलेला संगणक सुरू व्हायला कित्येक मिनिटे घेतो. तेवढ्यात बाबूजी वही उघडून हिशेब लिहूनही मोकळे होतात, आणि मग संगणकाकडे वळत नाहीत.

मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले संगणक डागडुजी करून स्वस्तात विकले जातात. ते वाईट नसतात, अपरिग्रहाच्या दृष्टीनेही चांगलेच. पण एक तपासणी अत्यावश्यक आहे. विंडोज १० ला मिळणारे मायक्रोसॉफ्टचे नियमित संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र बँकेच्या व्यवहारासाठी घेऊ नये. लिनक्स विनामूल्य आहे, चांगलेही आहे. परंतु दुकानात टॅली असेल तर विंडोजच सोयीचे. दुकानाचे काम नसेल आणि केवळ वाचन-श्रवण असेल, तर जी प्रणाली मुलगा स्वतः वापरतो तीच आईवडिलांना द्यावी. फोनवर ‘डाव्या कोपऱ्यात काय दिसते?’ असे विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढेही तोच पडदा असला पाहिजे.

यंत्रावर पैसे खर्च करून विजेकडे दुर्लक्ष करणे ही सर्रास दिसणारी गोष्ट. वीज जाते, येते, आणि येताना दाब वर-खाली होतो. यूपीएस हा खरेदीचाच भाग समजावा. त्याआधी दुकानाचे अर्थिंग तपासून घ्यावे. जुन्या बांधकामांत ते नावालाच असते. आणखी एक बारीक गोष्ट : इंटरनेटचा राउटरही त्याच यूपीएसवर जोडावा. संगणक चालू पण इंटरनेट बंद, अशा अवस्थेत पैसे पाठविण्याचा व्यवहार अर्धवट राहतो. पैसे गेले की नाही हे न कळल्याने तोच व्यवहार पुन्हा केला जातो आणि रक्कम दोनदा जाते. छपाईयंत्र लागणार असेल तर काळ्या छपाईचे लेसर घ्यावे. शाईचे यंत्र आठवडाभर वापरले नाही की त्याची शाई वाळते.

आता भाषेचा प्रश्न. मुले संगणकावर ध्वनीनुसार मराठी उमटविणारी सोय बसवून देतात, म्हणजे इंग्रजी अक्षरांत शब्द लिहिला की तो देवनागरीत दिसतो. मुलांना ती सोपी, कारण त्यांना मराठी शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग सुचते. ज्यांचे सारे शिक्षण मराठीतून झाले आणि ज्यांनी आयुष्यभर देवनागरीतच लिहिले, त्यांना ती दुहेरी शिक्षा. त्यांच्यासाठी इनस्क्रिप्ट ही पद्धत अधिक योग्य. भारत सरकारने १९८६ साली प्रमाणित केलेली ही मांडणी वर्णमालेवर आधारलेली आहे : डाव्या हाताला स्वर व त्यांच्या मात्रा, उजव्या हाताला प्रामुख्याने व्यंजने. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ दुसऱ्या एका कळीवर. विंडोजमध्ये ती मुळातच असते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. कळांवर देवनागरी अक्षरांचे स्टिकर लावून द्यावेत. बाराखडी ज्याला येते, तो रोज थोडा सराव केल्यास काही आठवड्यांत क्षमापनेचे पत्र स्वतः टंकू शकतो, आणि तयार चित्र पुढे पाठविण्यापेक्षा त्या पत्राचे मोल अर्थातच वेगळे. आईला टंकन नको असेल तर मायक्रोफोन लावून मराठीत बोलून लिहिता येते.

यंत्र घरी आल्यावर मुलाने पहिला दिवस मांडणीसाठी द्यावा. अक्षरे व चित्रे दीडपट मोठी करावीत, माऊसचा बाण ठळक आणि त्याची गती मंद करावी. पडद्यावर चार-पाचच चिन्हे ठेवावीत. बाबूजींचे खाते साधे असावे. नवे काही बसविण्याचा अधिकार वेगळ्या खात्यात, वेगळ्या पासवर्डमागे असावा. म्हणजे चुकून काही दाबले गेले तरी मोठे नुकसान होत नाही, आणि ही गोष्ट त्यांना स्पष्ट सांगावी. वहीतील रेघेसारखा आधार त्यांना त्यातून मिळतो.

शिकविताना माऊस त्यांच्या हातातून काढून घेऊ नये. ‘असे नाही, असे’ म्हणत मुलगा स्वतःच काम करून टाकतो आणि शिकणारा नुसता प्रेक्षक होतो. एका बैठकीत एकच काम, आणि बैठक एका सामायिकाएवढी, म्हणजे ४८ मिनिटांची, पुरे. कामाच्या पायऱ्या बाबूजींनी स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत एका वहीत लिहाव्यात. मुलाने छापून दिलेला कागद उपयोगी पडत नाही. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांसाठी जीएसटीच्या ११ आणि २० या तारखा त्या वहीच्या पहिल्या पानावर असाव्यात. श्वेतांबरांचे आठ दिवस असोत वा दिगंबरांची दशलक्षणे, भाद्रपदाच्या सुमारास या तारखा आराधनेच्या दिवसांत येऊ शकतात. त्या वर्षी काम आधी उरकून ठेवावे.

सर्वांत नाजूक विषय पैशांचा. संगणक आला की नेटबँकिंग येते, आणि नेटबँकिंग आले की पासवर्ड कोणाकडे, हा प्रश्न येतो. अनेक घरांत तो मुलाकडे असतो, काही ठिकाणी मुनिमाकडे, तर कधी विवरणपत्रे भरणाऱ्या कार्यालयातील मुलाकडेही. सोय म्हणून सुरू झालेली ही पद्धत हळूहळू वडिलांना त्यांच्याच खात्यापासून दूर करते. शिल्लक किती, हे त्यांना दुसऱ्याला विचारावे लागते. कायद्याच्या बाजूनेही ती धोक्याची आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारातील ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. त्यानुसार, दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर ग्राहकावर बोजा येत नाही. पण पासवर्ड किंवा ओटीपी दुसऱ्याला सांगितल्याने नुकसान झाले, तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान ग्राहकाचे. मुलाला सहभागी करायचेच असेल तर संयुक्त खाते किंवा बँकेकडून रीतसर अधिकार हा मार्ग आहे. बँकेचा व जीएसटीचा ओटीपी बाबूजींच्या स्वतःच्या मोबाइलवरच यावा.

बँकेचे संकेतस्थळ शोधून उघडू नये. मुलाने त्याचे चिन्ह पडद्यावर ठेवून द्यावे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते ‘बँक डॉट इन’ अशा शेवटाचे करण्यास सांगितले होते, तेव्हा पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय लावावी. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी पाटी अचानक झळकली तर संगणक बटण दाबून बंद करावा. त्याने काही बिघडत नाही. दूरवरून संगणक चालविण्याची एनीडेस्कसारखी साधने मुलाला उपयोगी आहेत, पण तीच लुटारूंचीही आवडती आहेत. मुलाचा आवाज ओळखल्याशिवाय, आणि फोन आपण स्वतः लावल्याशिवाय, ते साधन उघडायचे नाही असा घरचा नियम असावा. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. घरच्यांना काय वाटेल या संकोचात गेलेला एकेक तास रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी करतो. हा क्रमांक पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवावा आणि ‘आम्ही रागावणार नाही’ हे मुलांनी आधीच सांगून ठेवावे.

राहता राहिली हिशेबाची प्रत. दर शनिवारी दुकान वाढविताना टॅलीची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि तो पेन ड्राइव्ह दुकानात न ठेवता घरच्या कपाटात न्यावा. ३१ मार्चनंतर वर्षाची खतावणी छापून, शिवून, लाल कापडात बांधून घ्यावी. दिवाळीला वहीपूजनात ती पाटावर मांडता येते, संगणकाच्या शेजारी.