संधायसंभाषा : विद्यापीठातील आणि तालुक्यातील

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत. परस्परांचे ऐकून घेऊन, ज्ञानवृद्धीसाठी केलेली ती संधायसंभाषा आणि जिंकण्याच्या ईर्षेने केलेली ती विगृह्यसंभाषा. सुश्रुताचार्य आणखी एक पाऊल पुढे जातात. केवळ एकाच शास्त्राचे अध्ययन करणाऱ्यास त्या शास्त्राचाही निश्चय होत नाही, असा त्यांच्या प्रभाषणीय अध्यायाचा अभिप्राय आहे. आज ज्यास आंतरविद्याशाखीय परिसंवाद म्हणतात, त्याचे बीज असे आपल्याच संहितांत आहे.

महाराष्ट्रात या परंपरेचे आधुनिक उदाहरण म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील आंतरविद्याशाखीय आरोग्यविज्ञान संस्था होय. डॉ. भूषण पटवर्धन यांच्या नेतृत्वाखाली येथे वैद्य, जनुकशास्त्रज्ञ, औषधशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ एकाच प्रश्नावर चर्चा करू लागले. त्या चर्चांतून काय निष्पन्न झाले, हे पाहणे उद्बोधक आहे.

2005 मध्ये डॉ. पटवर्धन, डॉ. कल्पना जोशी व डॉ. अरविंद चोपरा यांनी 76 व्यक्तींची प्रकृती आणि त्यांची एचएलए जनुके यांचा संबंध तपासणारा निबंध प्रसिद्ध केला. नमुना लहान होता. परंतु प्रकृतीची संकल्पना प्रयोगशाळेत तपासता येते, हे त्यातून दिसले. पुढे 2015 मध्ये पुणे विद्यापीठ आणि हैदराबादची पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र संस्था यांचा सहभाग असलेले मोठे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात 3,416 निरोगी तरुणांची छाननी करून अखेर 262 जणांचीच जनुकीय तपासणी करण्यात आली. ज्यांच्यात एका दोषाचे प्राधान्य स्पष्ट होते आणि वैद्याचे परीक्षण व सी-डॅकच्या 'आयुसॉफ्ट' प्रणालीचा निष्कर्ष जुळत होता, त्यांनाच निवडले गेले. वैद्यमित्रांनी या दोन आकड्यांवर थोडे थांबावे. नाडी व वर्ण पाहून आपण क्षणात 'पित्तप्रकृती' असे लिहितो. तेथे तेरा जणांतून जेमतेम एकाची निवड झाली.

दुसरे उदाहरण संधिवाताचे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या एका राष्ट्रीय योजनेत गुडघ्याच्या संधिवाताच्या 440 रुग्णांवर 24 आठवडे चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. शुंठी, गुडूची व आमलकी यांचा योग, त्यातच सल्लकी मिळवलेला दुसरा योग, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब अशी तुलना होती. वेदना व कार्यक्षमता यांबाबत आयुर्वेदीय योग आधुनिक औषधांच्या बरोबरीचे ठरले. मात्र काही रुग्णांत यकृताचे एसजीपीटी हे विकर लक्षणांवाचून वाढले, हेही संशोधकांनी त्याच निबंधात नमूद केले. यश आणि उणीव एकाच पानावर लिहिणे, हेच संधायसंभाषेचे फलित.

ही नोंद किती मोलाची होती, ते करोनाकाळात कळले. 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतबाधा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेलीच्या जागी तिच्यासारखी दिसणारी दुसरी टिनोस्पोरा जाती वापरली गेली असावी, अशी शंका आयुष मंत्रालयाने व्यक्त केली. पाहता पाहता चर्चा विगृह्य झाली. एक पक्ष वनस्पतीला दोष देऊ लागला, दुसरा रुग्णाच्या जुन्या आजाराला. वेल कोणती होती, मात्रा किती होती, किती दिवस घेतली, पूर्वी यकृतविकार होता काय, या प्रश्नांची उत्तरे वनस्पतीतज्ज्ञ, वैद्य आणि यकृततज्ज्ञ एकत्र बसल्याखेरीज मिळत नाहीत.

येथे आमच्या झरी जामणीसारख्या तालुक्याचा संबंध येतो. पैनगंगेच्या काठचा हा कोलाम-गोंड वस्तीचा प्रदेश. येथे कडुलिंबावर चढलेली गुळवेल घरोघरी ओळखीची आहे. पुण्याच्या व्याख्यानास येथून जाणे प्रत्येकास शक्य नाही. परंतु परिसंवादासाठी सभागृह लागतेच असे नाही. तीन महिन्यांतून एकदा तालुक्यातील वैद्य, ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर, जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक आणि रानातून औषधी आणणारा जाणता कोलाम वृद्ध एकत्र आले, तरी काम सुरू होईल. त्या वृद्धास पाहुणा म्हणून नव्हे, तर तज्ज्ञ म्हणून बोलवावे.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंनी अशा बैठकीस प्रत्येक खरेदीतील कच्च्या द्रव्याचा वाळलेला नमुना, आणल्याचे ठिकाण व तारीख यांसह आणावा. चिकित्सकांनी दीर्घकाळ गुळवेल घेणाऱ्या रुग्णांची मात्रा, अनुपान आणि शक्य तेथे आरंभीची व नंतरची यकृत तपासणी नोंदवावी. विपरीत परिणाम आढळल्यास तो दडवू नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानातून चालणाऱ्या औषध-दक्षता कार्यक्रमास तो कळवावा.

विद्यापीठातील शास्त्रज्ञ वैद्यास प्रश्न विचारतील, तेव्हा संहितेतील सूत्र पुरेसे ठरणार नाही. त्यासोबत रुग्णाची वही लागेल. ती वही लिहिण्याचे काम पुण्यात नव्हे, तर आपल्या चिकित्सालयातील टेबलावर होणार आहे.