शंभर, नव्वद, ऐंशी

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधनियामक संस्थेने कर्करोगावरच्या कार-टी उपचारांवरची खास सुरक्षा-बंधने उठवली. उपचारकेंद्राजवळ चार आठवडे मुक्काम ठोकायचा नियम होता, तो दोनवर आला. गाडी न चालवण्याची मुदत आठ आठवड्यांवरून दोनवर. माझ्या रक्तविकारतज्ज्ञ मित्रांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. दूरच्या रुग्णाला परक्या शहरात महिनाभर खोली घेणे परवडत नाही, आणि बहुतेकांचा त्रास पंधरवड्यात उरकतो. तरीही मला ते झोंबले. या उपचारातून होणारा मेंदूचा त्रास आता ओळखीचा झाला, असा सगळ्यांचा सूर. ओळखीचा झाला खरा, पण कोणाला होणार हे आधी कुठे कळते?

कार-टी म्हणजे रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवून परत अंगात सोडायच्या, ही कल्पना इस्रायलच्या झेलिग एश्हार यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मांडली. पुढची वीसेक वर्षे मी सोडून देतो. ती प्रयोगशाळांची आणि उंदरांची होती, आणि उंदराला शब्द आठवेनासा झाला तर कळणार कसे? २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला या पेशी दिल्या. ती मरणाच्या दारात पोचली आणि टोसिलिझुमॅब या संधिवाताच्या औषधाने परत फिरली. त्या दिवसापासून सगळ्यांना वाटू लागले की हातात किल्ली आली. पेशींमुळे येणाऱ्या तापाला आणि कोसळणाऱ्या रक्तदाबाला ती लागू पडली. पण हे औषध मेंदूत जेमतेम शिरते, त्यामुळे तिथला गोंधळ चालूच राहायचा.

त्यानंतरचे दशक मी अमेरिकेतल्या एका कर्करोग रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून काढले. पेशी दिल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी, घरचे जरा निवांत होत असताना, माणूस घड्याळाकडे बघतो आणि त्याला ‘घड्याळ’ म्हणता येत नाही. अक्षर आधीच वाकडे झालेले असते. हात कापतो, मग वाचा बसते, एखाद्याला फिट येते. एमआरआय बहुधा साफ. आम्हाला बोलावणे यायचे ते फिट आल्यावर. सकाळच्या फेरीत फेरिटिन, सीआरपी, प्लेटलेट सगळ्यांचे आकडे घोकून व्हायचे. काल नीट लिहिणारा आज का लिहीत नाही, हे विचारणाऱ्याकडे ‘तुमचे झाले का?’ अशा नजरेने पाहिले जाई. हा राग मी अजून गिळलेला नाही.

२०१६ साल मात्र कोणी विसरू नये. जुनो कंपनीच्या जेकार०१५ या कार-टी उपचाराच्या चाचणीत ल्युकेमियाचे तीन तरुण रुग्ण मेंदूला सूज येऊन गेले. कंपनीने बोट दाखवले ते पेशींआधी दिल्या जाणाऱ्या फ्लुडाराबिन या औषधाकडे. एफडीएने चाचणी थांबवली आणि काही दिवसांतच, फ्लुडाराबिन वगळून, पुन्हा सुरू करू दिली. नोव्हेंबरात आणखी दोन मृत्यू झाले. मार्च २०१७ मध्ये जेकार०१५च गुंडाळले गेले. दोषी इतक्या घाईने ठरवला नसता तर, हा प्रश्न मी तेव्हाही विचारत होतो.

२०१७ मध्येच येस्कार्टा या कार-टी थेरपीला मान्यता मिळाली. तिच्या मुख्य चाचणीत २८ टक्के रुग्णांना मेंदूचा गंभीर त्रास झालेला होता. आणि त्याच वर्षी सिअ‍ॅटलहून खरे काम आले. १३३ प्रौढांपैकी ४० टक्क्यांना त्रास. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बिथरलेले, रक्त आणि मेंदू यांच्यामधला बांध फुटलेला. पहिल्या ३६ तासांतला कडक ताप आणि रक्तातली दोन प्रथिने बघून सर्वांत वाईट रुग्ण ओळखता येतील, असेही त्यांनी मांडले. आम्ही हरखलो. मग कळले की ही प्रथिने तासाभरात मोजून देणारी प्रयोगशाळा फार थोड्यांकडे आहे.

पुढे या त्रासाला आयकॅन्स हे नाव मिळाले आणि मोजायला ‘आइस’ ही दहा गुणांची परीक्षा आली: साल, महिना, गाव, रुग्णालय, तीन वस्तूंची नावे, एक आज्ञा पाळणे, एक वाक्य लिहिणे, शंभरपासून दहा-दहाने उलटे मोजणे. त्यानंतर अंदाजाची सूत्रे पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. रक्तातल्या एलडीएच, क्रिएटिनिन आणि प्लेटलेट यांचे एक, त्यातले क्रिएटिनिन काढून सीआरपी घातलेले दुसरे, आणि आता संगणकाने शिकून काढलेली. एका रुग्णालयाच्या थोड्याशा नोंदींवर बेतलेले गणित दुसरीकडे लंगडते, आणि लंगडले की कोणी फारसे छापत नाही. मला पटले ते २०२२ मधले सेंट लुईसचे काम. रुग्ण अवघे ३०, पण पेशी देण्याआधीच ज्यांच्या रक्तात न्यूरोफिलामेंट, म्हणजे मज्जातंतू झिजल्याची खूण, जास्त होती, बहुतांशी त्यांनाच पुढे त्रास झाला. म्हणजे कमजोरी आधीपासूनच मेंदूत असावी. पेशी सोडण्यापूर्वी रुग्ण मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा, असे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत होतो ते याचसाठी.

आणि पंधरवड्याची मुदत ठरवणाऱ्यांनी मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण आठवावेत. सिल्टा-सेल या त्यांच्यासाठीच्या कार-टी उपचाराच्या पहिल्या मोठ्या चाचणीत ९७ पैकी पाच जणांच्या हालचाली पार्किन्सनसारख्या मंदावल्या. त्यांचा त्रास पहिल्या दोन आठवड्यांच्या आत सुरू झालाच नाही; कुणाचा तर महिन्यानंतर. तेव्हा हे रुग्ण घरीच असतात, आणि ‘थकवा असेल’ असे म्हणायला घरात कोणी ना कोणी असतेच.

आता मी मुंबईत आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ या भारतीय कार-टी थेरपीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तिच्या चाचण्यांत मेंदूचा त्रास फारच कमी दिसला आणि किंमत अमेरिकेच्या मानाने कितीतरी खाली आहे. याचा आनंद मला आहे, कोणी शंका घेऊ नये. पण ही पेशी आता चाचणीतल्या निवडक रुग्णांपलीकडे जाईल. ज्यांनी उभ्या जन्मात पेन धरले नाही, तेही येतील. आइसमधला वाक्याचा गुण त्यांना कशावरून द्यायचा? मागच्या महिन्यात एका बैठकीत मी हे विचारले. उत्तरादाखल मला रुग्णाच्या नातेवाइकांसाठीचे मोबाइल अ‍ॅप दाखवण्यात आले. ते इंग्रजीत होते.