शांत माणसं जास्त हुशार असतात का? आकडे काय सांगतात ते बघू



आमच्या वऱ्हाडात गप्प राहणाऱ्या पोरावर दोनच शिक्के बसतात. मार्क चांगले पडले, तर "पोट्टं घुमं आहे, पण डोक्यानं तेज आहे". मार्क नाही पडले, तर तेच पोट्टं "मठ्ठ". आपल्या म्हणीसुद्धा दोन्हीकडून बोलतात. एक म्हणते, उथळ पाण्याला खळखळाट फार. दुसरी म्हणते, बोलणाऱ्याचा कोंडाही विकला जातो, न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत.

मी अकोल्याचा. इंजिनिअरिंग अमरावतीत केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या क्षेत्रात हा समज फारच पक्का आहे: खरा प्रोग्रामर म्हणजे हेडफोन लावून कोपऱ्यात बसलेला, कोणाशी न बोलणारा. पण यात तथ्य किती? चला, एकेक पायरी बघू.

अंतर्मुख म्हणजे नेमकं कोण?

'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' हे प्रकार कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ च्या ग्रंथातून लोकप्रिय केले. आज मानसशास्त्रात हे दोन वेगळे खोके मानत नाहीत, एकच मोजपट्टी मानतात. लाईटच्या बटणासारखं चालू-बंद नाही, पंख्याच्या रेग्युलेटरसारखं समजा. बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात. तुम्ही आणि मी पण.

आता महत्त्वाचा फरक. गप्प बसण्याची कारणं तीन तरी असू शकतात.

पहिलं, अंतर्मुखता: चार माणसांपेक्षा एकांतात किंवा एकदोघांत जास्त बरं वाटणं. ही आवड आहे.

दुसरं, लाजाळूपणा: बोलायचं तर आहे, पण लोक काय म्हणतील याची भीती. काही बहिर्मुख माणसंही लाजाळू असतात.

तिसरं आपल्याकडचं: भाषा. चहाच्या टपरीवर वऱ्हाडीत तासभर सगळ्यांना हसवणारा पोरगा इंग्रजी ग्रुप डिस्कशनमध्ये तोंड उघडत नाही. तो अंतर्मुख नाही. तो डोक्यात भाषांतर करतोय, आणि वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

बाहेरून तिघंही सारखेच दिसतात.

बुद्धी मोजतात कशी?

आधुनिक बुद्धिचाचणीची सुरुवात फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये केली. १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बदलून घेतली. पॅरिसच्या मुलाला विचारलेला प्रश्न आपल्याकडच्या मुलाला जसाच्या तसा चालणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

बिनेच्या चाचणीत बरीचशी उत्तरं तोंडी द्यायची असतात. १९३८ मध्ये इंग्लंडच्या जॉन रेव्हन यांनी वेगळी चाचणी काढली. त्यात फक्त आकृत्या असतात, एक जागा रिकामी असते, तिथे काय बसेल ते निवडायचं. एक शब्दही बोलावा लागत नाही. म्हणजे बुद्धी मोजायला बडबड लागतेच असं नाही, हे मानसशास्त्राला माहीत होऊन ८० वर्षं उलटली.

आता आकडे

दोन गोष्टी किती जोडलेल्या आहेत हे सहसंबंधाने मोजतात. शून्य म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध, उणे १ म्हणजे पूर्ण उलटा संबंध.

१९९७ मध्ये अकरमन आणि हेगेस्टॅड यांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले. बहिर्मुखता आणि बुद्धी यांचा सहसंबंध आला ०.०८. हो, बहिर्मुखांच्या बाजूने! पण ०.०८ म्हणजे किती? त्याचा वर्ग करा: ०.००६४. माणसामाणसांतल्या बुद्धीच्या फरकापैकी एक टक्कासुद्धा या स्वभावाशी जोडता येत नाही.

२००५ मध्ये वुल्फ आणि अकरमन यांनी पुन्हा हिशेब मांडला. जुन्या अभ्यासांत संबंध किंचित अधिक होता, २००० नंतरच्या अभ्यासांत किंचित उणे. पुढे २०२२ मध्ये २७२ अभ्यास आणि १ लाख ६२ हजारांहून जास्त लोकांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात स्वभावाच्या पाच मुख्य गुणांपैकी बुद्धीशी सगळ्यात जास्त संबंध निघाला तो नव्याची ओढ, कुतूहल, कल्पकता या गुणाचा: ०.२०. लोकांत मिसळण्याची हौस हा बहिर्मुखतेचा एक छोटा भाग बुद्धीशी किंचित उलटा जातो, पण तेवढ्यावरून एखाद्या माणसाबद्दल अंदाज बांधता येत नाही.

थोडक्यात, कोण किती बोलतो यापेक्षा कोण किती "असं काहून होते?" विचारतो, ते बघा.

मग समज येतो कुठून?

उदाहरणं आपण निवडून आठवतो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर घ्या. आयुष्यभर आकड्यांत रमलेला माणूस. कोणतीही चार आकडी संख्या घ्या (सगळे अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ येते, हे त्यांनी दाखवलं. एकांतातला विद्वान म्हणून हे चित्र अगदी जमतं. पण हेच कापरेकर शाळाशाळांतून गणिताच्या गमती सांगत व्याख्यानं द्यायचे.

आणि अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा? शाळेत न गेलेला हा माणूस कीर्तनात हजारोंच्या गर्दीला प्रश्नामागून प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचा. समोरच्याला स्वतःच्या तर्काने निष्कर्षापर्यंत नेणं ही बुद्धी नाही तर काय? आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.

जागा बदलली की निकाल बदलतो

१९९७ मध्येच फर्नहॅम आणि ब्रॅडली यांनी लंडनमध्ये एक छोटा प्रयोग केला. पॉप संगीत चालू असताना उतारा वाचून समजून घेण्याच्या कामात अंतर्मुखांची कामगिरी जास्त घसरली. शांततेत ते मागे नव्हते. प्रोसेसर तोच, पण खोली तापली की मशीन हळू चालते, तसं समजा. गोंगाटातला निकाल बघून प्रोसेसरलाच दोष देणं चूक.

खरा तोटा इथे होतो

अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांतल्या पोरांसाठी हा गप्पांचा विषय नाही, नोकरीचा आहे. दहाबारा जणांचा जीडी, पंधरा मिनिटं, त्यात जो बोलला तो पुढे. माझ्या बॅचमध्ये सगळ्यांचे प्रोजेक्ट दुरुस्त करून देणारा मित्र एका कंपनीच्या याच राउंडला बाहेर पडला. त्याचा कोड कोणी उघडूनही बघितला नाही.

२०२० मधल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांच्या लहान गटांना एक काम दिलं आणि तुमचा नेता कोण, असं विचारलं. जो जास्त वेळ बोलला त्याच्याकडे बोटं गेली. प्रत्येकाची बुद्धी आणि स्वभाव हिशेबात धरूनही बोलण्याच्या वेळेचा परिणाम टिकला. म्हणजे जीडीत आपण बरेचदा बुद्धी नाही, मिनिटं मोजतो.

मग करायचं काय?

शिक्षक किंवा मुलाखत घेणारे असाल, तर विषय दिल्यावर आधी तीन मिनिटं सगळ्यांना मुद्दे कागदावर लिहू द्या, मग चर्चा. तोच प्रश्न एकट्याला विचारून बघा. पहिलं उत्तर मराठीत चालेल असं सांगा. आणि कोडिंगची नोकरी असेल तर कोड बघा.

विद्यार्थी असाल, तर आधी आपलं गप्प बसणं कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखा. भाषेमुळे असेल तर सरावाने जाते. रोज एक मुद्दा मोठ्याने इंग्रजीत मांडा. भीतीमुळे असेल तर दोघांत, मग चौघांत बोलायची सवय करा. आणि स्वभावच तसा असेल, तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. फक्त "मी कमी बोलतो म्हणजे मी हुशार" या भरवशावर अभ्यास सोडू नका. आकडे तुमच्याही बाजूने नाहीत.